भाकरीवरचा खोटा आरोप

कुत्र्याला धान्य म्हणजे हळूहळू भिनणारं विष. तो लांडग्याच्या कुळातला, त्याला भात-भाकरी पचतच नाही, घालायचंच असेल तर ‘ग्रेन-फ्री’ पाकीट घाला. हा उपदेश सध्या पनवेल, कामोठे, खारघर या पट्ट्यात इतक्या खात्रीने केला जातो की ऐकणाऱ्याला उलट प्रश्न विचारायचा धीर होत नाही. पेट शॉपमध्ये तो मिळतो, संध्याकाळी कुत्रा फिरवायला खाली उतरलेल्या शेजाऱ्यांकडून मिळतो, आणि नुकतंच पिल्लू घरी आणलेल्या कॉलेजच्या पोरांना तर तो पाठच असतो. मला या उपदेशाला ठाम विरोध करायचा आहे. तो अर्धवट माहितीवर उभा आहे. बहुतेक कुत्र्यांना त्याचा काही फायदा नाही, काहींना त्यातून अपाय होण्याची शंका आहे, आणि ज्यांनी आजवर ही जनावरं जगवली त्यांनाच तो गुन्हेगार ठरवतो.

त्या माणसांबद्दल आधी बोलते. रायगड जिल्हा भाताचा. पनवेलच्या भोवतालच्या आगरी-कोळी गावांत तांदळाची भाकरी हेच रोजचं अन्न, आणि दारातल्या कुत्र्याचंही तेच. खारजमिनीतलं भात कापून खळ्यावर यायचं तेव्हा राखणीला कुत्रा असायचा. घरात मासळी शिजली की डोकी, काटे, उरलेला भात कालवून त्याच्यापुढे जायचा. विमानतळासाठी, सिडकोच्या वसाहतींसाठी त्या जमिनी गेल्या, पण सवय राहिली. आजही गावठाणात आणि नव्या पनवेलच्या चाळवजा इमारतींत उरलेली भाकरी कुस्करून खाली नेणाऱ्या बायका आहेत. माझ्या ओळखीतल्या अशाच एका आजींना घरच्या तरुण मंडळींनी सांगितलं की तू त्या कुत्र्यांना मारते आहेस. आजींनी भाकरी नेणं बंद केलं. महागडं पाकीट त्यांना परवडणारं नव्हतं, त्यामुळे भाकरीच्या जागी काहीच आलं नाही. शास्त्राच्या नावाने एका भुकेल्या जनावराच्या तोंडचा घास काढला गेला, आणि तोही चुकीच्या शास्त्राच्या नावाने. माझा राग इथून सुरू होतो.

आता त्या शास्त्राकडे येऊ. कुत्रा लांडग्यापासून आला हे खरंच आहे. पण तो लांडगा राहिला नाही, आणि जिथे बदलला त्या जागांपैकी एक नेमकी त्याच्या पचनसंस्थेत आहे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या एरिक अ‍ॅक्सेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ लांडगे आणि १४ जातींचे ६० कुत्रे यांच्या जनुकांची तुलना केली. २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. पिष्टमय पदार्थ फोडणारं अमायलेज हे विकर स्वादुपिंडात तयार करणाऱ्या जनुकाच्या त्यांनी तपासलेल्या लांडग्यांमध्ये दोनच प्रती होत्या. कुत्र्यांमध्ये त्या चारपासून तीसपर्यंत आढळल्या. प्रती जास्त, म्हणून विकर जास्त, म्हणून भात-भाकरीतलं पिष्ट फोडायची ताकद जास्त. एवढ्यावर ते थांबत नाही. फुटलेल्या पिष्टाची साखर करणं आणि ती साखर आतड्यातून रक्तात घेणं, या पुढच्या दोन टप्प्यांशी संबंधित जनुकांतही कुत्र्यात बदल झालेले दिसले. म्हणजे घास पोटात गेल्यापासून त्याचं बळ अंगी लागेपर्यंतची अख्खी वाट माणसाच्या सहवासात बदलली. नंतरच्या संशोधकांना आग्नेय युरोपातल्या सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या कुत्र्यांच्या अवशेषांतही या जनुकाच्या जादा प्रती सापडल्या. माणूस शेती करायला लागला, त्याच्या उकिरड्यावर धान्य पडायला लागलं, आणि ते पचवू शकणारा कुत्रा टिकला.

याला उत्तर म्हणून एक वाक्य हमखास येतं: कुत्र्याच्या लाळेत अमायलेज नसतं, मग तो धान्य पचवणार कसा? वाक्याचा पहिला भाग बरोबर आहे. माणसाच्या लाळेत हे विकर भरपूर असतं, कुत्र्याच्या लाळेत ते जवळपास नसतंच. पण कुत्रा घास चघळत बसत नाही, गिळतो. त्याचं पिष्ट फोडण्याचं काम लहान आतड्यात, स्वादुपिंडाच्या रसाने होतं. शिजवलेल्या धान्यातलं जवळजवळ सगळं पिष्ट तो पचवतो. कच्चं धान्य त्याला नीट पचत नाही. ते आपल्यालाही पचत नाही. म्हणूनच आपण भात शिजवतो आणि भाकरी भाजतो.

लांडग्याचा दाखला देणारी मंडळी आणखी एक गोष्ट विसरतात. मांसाशिवाय ज्याचं भागूच शकत नाही असा प्राणी आपल्या घरात असतो, ते मांजर. मांजराला स्वतःच्या शरीरात पुरेसं टॉरिन बनवता येत नाही, गाजर-भोपळ्यातल्या रंगद्रव्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व करता येत नाही. कुत्र्याला दोन्ही जमतं. मांजराचा नियम कुत्र्याला लावणं ही प्राण्यांच्या आहाराबद्दलची अगदी प्राथमिक चूक आहे.

हेही मान्य करायला हवं की सगळे कुत्रे सारखे नाहीत. ज्या प्रदेशांत शेती पोचली नाही तिथल्या कुत्र्यांत या जनुकाच्या प्रती कमी आहेत. ऑस्ट्रेलियाच्या डिंगोमध्ये दोनच, सायबेरियन हस्कीत तीन-चार. खारघरच्या उकाड्यात हस्की पाळणाऱ्याने आहाराचा थोडा जास्त विचार करावा, हे म्हणणं मला मान्य आहे. पण ‘ग्रेन-फ्री’चा आग्रह हस्कीपुरता कुठे आहे? तो लॅब्रेडॉरला, बीगलला, आणि ज्याच्या शेकडो पिढ्या भाकरीवर वाढल्या त्या आपल्या गावठी कुत्र्यालाही केला जातो.

गावठी कुत्रा नेमकं काय खातो, याचा अभ्यास आपल्या महाराष्ट्रातच झाला आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानात, माळढोक अभयारण्याच्या परिसरात, आबी तमीम वनक आणि मॅथ्यू गॉम्पर यांनी मोकाट कुत्री आणि खोकड यांच्या आहाराची तुलना केली. २००९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच माळावर राहणारे, एकाच कुळातले हे दोन प्राणी. खोकड उंदीर, किडे, बोरं यांवर जगतो. कुत्र्याचं बहुतांश अन्न मात्र माणसाकडून आलेलं निघालं: कोणी घातलेलं, उकिरड्यावरचं, पिकाच्या अवशेषांतलं, मेलेल्या गुराढोरांचं. रानातून स्वतः मिळवलेलं अन्न त्याच्या आहाराच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी होतं. समोर उघडं माळरान असतानाही कुत्रा लांडग्यासारखा जगत नाही. तो वस्तीकडे तोंड करून जगतो.

हे कळायला आपल्याला जनुकांची गरजही नव्हती. नामदेवांच्या हातची भाकरी घेऊन कुत्रा पळाला तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा महाराष्ट्रात लहान पोरालाही ठाऊक आहे. त्या कथेतल्या कुत्र्याने भाकरी पळवली यात ऐकणाऱ्या कुणालाही कधी नवल वाटलं नाही. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेला आणि आपल्याकडे कारवान म्हणून ओळखला जाणारा शिकारी कुत्रा घ्या. सांगली-सोलापूरपासून बागलकोटपर्यंतच्या शेतकऱ्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी-मक्याच्या भाकरीवर आणि दुधावर वाढवला. तोच कुत्रा भारतीय लष्कराने प्रशिक्षणासाठी निवडला. वाऱ्यासारखा धावणारा हा प्राणी धान्याने खंगला असता, तर शेतकऱ्याच्या लक्षात यायला परदेशी पाकिटाची वाट पाहावी लागली नसती.

इथे एक आक्षेप निघतो आणि तो रास्त आहे. गावातली कुत्री जगतात, पण किती वर्षं? लवकर मरतात ना? मरतात. रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो, गोचिडीचा ताप, मुंबई-पुणे महामार्गावरच्या गाड्या, उपासमार, इतर कुत्र्यांशी झालेल्या मारामारीतल्या जखमा, यांनी मरतात. त्यांच्या मरणाचा दोष भाकरीला देता येत नाही. मात्र नुसतं तगून राहणं म्हणजे उत्तम पोषण, असाही दावा मी करणार नाही. मला इतकंच म्हणायचं आहे की धान्य पचत नाही हा आरोप खोटा आहे. धान्य पुरेसं आहे का, हा वेगळा प्रश्न, त्याकडे मी पुढे येते.

आता खाजेबद्दल. पनवेलमध्ये ‘ग्रेन-फ्री’कडे वळणाऱ्या दहापैकी बहुतेकांच्या तोंडी एकच कारण ऐकू येतं: कुत्रा खाजवतो, पंजे चाटतो, कान हलवतो, पोटावर लाल चट्टे आलेत. धान्याची अ‍ॅलर्जी असणार. कुणी तपासलं? कुणीच नाही. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत इथली हवा दमट असते, कुत्र्याचं अंग नीट वाळत नाही, बोटांच्या बेचक्यांत आणि कानांत यीस्ट वाढतं, गोचीड आणि पिसवा गवतातून अंगावर चढतात. कोकणपट्टीत खाज सुटलेल्या कुत्र्यात आधी शोधायच्या त्या या गोष्टी.

अन्नाची अ‍ॅलर्जी असतेही, पण ती कशाची असते ते पाहा. म्यूलर, ऑलिव्ह्री आणि प्रेलो या त्वचारोगतज्ज्ञांनी आधीच्या अभ्यासांतून अन्नाची अ‍ॅलर्जी असलेल्या २९७ कुत्र्यांची माहिती एकत्र केली आणि २०१६ साली मांडली. गोमांसाला अ‍ॅलर्जी असलेले ३४ टक्के, दूध आणि दुधाचे पदार्थ १७ टक्के, कोंबडी १५ टक्के. त्यानंतर गहू, १३ टक्के. मका ४ टक्के आणि तांदूळ अवघे २ टक्के. यादीच्या तळाशी असलेल्या तांदळावर आपण भाताच्या जिल्ह्यात बसून आरोप करतो आहोत! आणि ज्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘ग्रेन-फ्री’ लिहिलेलं असतं त्याच्या घटकांत पहिलं नाव बहुतेक वेळा कोंबडीचं असतं. कोंबडीने खाजणाऱ्या कुत्र्याचा मालक जास्त पैसे मोजून त्याला आणखी कोंबडी चारतो.

‘पण आमच्या कुत्र्याला फरक पडला’ हे मी अनेकदा ऐकते आणि सांगणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर मला शंका नाही. अन्न बदललं त्याच आठवड्यात शाम्पू बदलला, गोचिडीची गोळी दिली, पाऊस ओसरला. शिवाय नव्या पाकिटात धान्याबरोबर आणखी दहा घटक बदलले. यातल्या कशाने बरं वाटलं ते कसं ठरवणार? ठरवायची रीत आहे. पशुवैद्य कुत्र्याला किमान आठ आठवडे असा आहार देतात ज्यातलं प्रथिन त्याने आधी कधी खाल्लेलं नाही, किंवा प्रथिनांचे बारीक तुकडे केलेला खास आहार देतात. बिस्किटाचा तुकडासुद्धा बाहेरचा चालत नाही. खाज थांबली तर जुनं अन्न पुन्हा देऊन पाहतात. पुन्हा खाज आली, तरच अ‍ॅलर्जी सिद्ध. रक्त किंवा केस पाठवून अन्नाच्या अ‍ॅलर्जीचा निकाल सांगणाऱ्या चाचण्यांवर विसंबता येत नाही. हे आठ आठवडे कंटाळवाणे असतात, घरातल्या प्रत्येकाला जपावं लागतं. पाकीट बदलणं त्याहून फार सोपं आहे, म्हणून ते केलं जातं.

पाकिटात काय असतं याची चौकशीही आपण करत नाही. ‘धान्य नाही’ याचा अर्थ ‘पिष्ट नाही’ असा लोक घेतात. कोरडं खाद्य ज्या यंत्रातून दाबून, फुगवून दाण्याच्या आकारात बाहेर काढतात, त्याला दाणा घट्ट धरायला पिष्ट लागतंच. तांदूळ-मका काढला की त्या जागी वाटाणा, मसूर, हरभरा, बटाटा, रताळं किंवा टॅपिओका येतो. तुम्ही घरी हिशेब करून पाहा. पाकिटामागे प्रथिनं, स्निग्धांश, तंतू, राख आणि ओलावा यांचे टक्के दिलेले असतात. राख लिहिलेली नसेल तर आठ धरा. समजा प्रथिनं २८, स्निग्धांश १४, तंतू ४, राख ८, ओलावा १०. बेरीज ६४. उरलेले ३६ टक्के कर्बोदकं आहेत. लांडग्याचा आहार म्हणून घेतलेल्या पाकिटाचा तिसरा हिस्सा डाळी-कंदांचा निघतो. आणि घटकांच्या यादीत वाटाणा, वाटाण्याचं पीठ, वाटाण्याचं प्रथिन अशी तीन नावं वेगवेगळी छापली की प्रत्येक नाव खाली सरकतं आणि कोंबडी वर राहते. ताज्या कोंबडीचं वजन तिच्यातल्या पाण्यासकट मोजलेलं असतं, तेही लक्षात घ्या.

ही लाट आली कुठून? २००७ साली उत्तर अमेरिकेत चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे रसायन मिसळलेलं सापडलं. त्याने कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि कोट्यवधी डबे बाजारातून परत घ्यावे लागले. दोष भेसळीचा होता. लोकांच्या मनात मात्र गहू बदनाम झाला. त्याच सुमारास माणसांमध्ये ग्लुटेन टाळायची, कर्बोदकं तोडायची टूम आली आणि कुत्र्याचं ताट तिच्यामागे गेलं. तिथून ती आपल्याकडे आली, तोवर तिचं मूळ पुसलं गेलं होतं आणि फक्त घोषणा उरली होती.

ती आपल्याकडे रुजत असताना तिकडे काय चाललं होतं, हे पनवेलच्या दुकानात कुणी सांगत नाही. जुलै २०१८मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर केलं की हृदयाचा स्नायू पातळ होऊन हृदय फुगण्याचा आजार, म्हणजे डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, ज्या जातींत सहसा दिसत नाही अशा कुत्र्यांत आढळतो आहे, आणि आहाराशी त्याचा संबंध आहे का याचा तपास सुरू आहे. जून २०१९मध्ये त्यांनी आकडे दिले: २०१४पासून एप्रिल २०१९पर्यंत ५२४ नोंदी, त्यांत ५६० कुत्रे, त्यांपैकी ११९ दगावलेले. नोंदींतल्या खाद्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक ‘ग्रेन-फ्री’ होती आणि ९३ टक्के खाद्यांत वाटाणा किंवा मसूर होता. सर्वांत जास्त नोंदी गोल्डन रिट्रीव्हरच्या.

मी ज्यांच्यावर अर्धवट माहितीचा आरोप करते आहे, त्यांच्यासारखं मी इथे थांबणार नाही. अमेरिकेत कुत्र्यांची संख्या कोट्यवधींत आहे, त्यात ५६० हा आकडा लहान आहे. नोंदी लोकांनी आणि डॉक्टरांनी आपणहून कळवलेल्या होत्या, त्यामुळे बातमी पसरल्यावर नोंदीही वाढल्या. डिसेंबर २०२२मध्ये त्याच प्रशासनाने सांगितलं की कार्यकारणभाव सिद्ध करायला ही माहिती पुरेशी नाही आणि ठोस नवं संशोधन आल्याशिवाय पुढची निवेदनं काढणार नाही. तेव्हा ‘ग्रेन-फ्री खाल्लं की हृदय बंद पडतं’ असं म्हणणं चूक ठरेल. पण संशय पूर्ण मिटलेलाही नाही. आहार बदलल्यावर काही कुत्र्यांचं हृदय सुधारलं, आनुवंशिक आजारात असं सहसा होत नाही. कुत्रा टॉरिन बनवतो ते मेथिओनिन आणि सिस्टीन या अमिनो आम्लांपासून, आणि डाळींत मेथिओनिन कमी असतं. हा एक धागा संशोधकांनी तपासला, आणखीही तपासले जात आहेत. आता तुम्हीच ठरवा. एका बाजूला पचतं हे सिद्ध झालेलं धान्य, दुसऱ्या बाजूला ज्यावर प्रश्नचिन्ह लागलं आणि ज्याचा निरोगी कुत्र्याला फायदा कुणी दाखवून दिलेला नाही असं महाग पाकीट. दुसरं निवडायला काहीतरी कारण लागेल की नाही?

धान्याची बाजू घेते आहे म्हणून त्याचा खरा धोका लपवणार नाही. तो धोका बुरशीचा आहे, आणि कोकणात तो खूप जवळचा आहे. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल जिल्ह्यांत अवकाळी पावसाने भिजलेल्या मक्याला बुरशी लागली. तिच्यातल्या अफ्लाटॉक्सिनने आदिवासी गावांत काविळीची साथ आली, शेकडो माणसं आजारी पडली, शंभरावर दगावली. त्या घरांतल्या कुत्र्यांनाही तशीच कावीळ झाली, पोटात पाणी झालं आणि तीही मेली. माणूस आणि कुत्रा एकच मका खात होते, म्हणून एकाच विषाने मेले. यकृत नासवणारं ते विष शिजवून जात नाही. पनवेलच्या पावसाळ्यात शिळ्या भाकरीवर हिरवट-काळे ठिपके दिसले की ‘माणसाला नको, कुत्र्याला चालेल’ असं म्हणून ती खाली नेणारे हात मी पाहिले आहेत. ती भाकरी कचऱ्यातच जायला हवी. दुकानातल्या उघड्या पोत्यातून किलोवर मिळणारं ओलसर खाद्यही, मग ते धान्याचं असो वा बिनधान्याचं, घेऊ नये.

दुसरी गोष्ट अपुरेपणाची. भाकरीवर खोटा आरोप झाला म्हणून ती पूर्णान्न होत नाही. वीस किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण हजार कॅलरी लागतात. त्या सगळ्या तांदळातून दिल्या तर जेमतेम तीनशे ग्रॅम तांदूळ होतो, त्यात प्रथिनं वीस-एकवीस ग्रॅम. गरज तीसच्या वर, आणि चांगल्या प्रतीच्या प्रथिनांची. कॅल्शियम एक ग्रॅमहून जास्त हवं, तांदळातून त्याचा किरकोळ भागच मिळतो. वाढत्या पिल्लाची गरज याहून कितीतरी मोठी. दूध-पोळीवर किंवा दही-भातावर ठेवलेली पिल्लं वाकड्या पायांची, निस्तेज केसांची होतात तेव्हा लोक म्हणतात, बघा, धान्याने केलं. ते धान्याने झालेलं नसतं. ताटात जे नव्हतं त्याने झालेलं असतं. अंडं, मासळी, कोंबडी, काळीज, त्याबरोबर कॅल्शियम आणि जस्ताची सोय, हे हवंच. नुसत्या धान्यातलं जस्त कुत्र्याच्या अंगी नीट लागत नाही, आणि हस्कीसारख्या जातीत त्याची कमतरता त्वचेवर दिसते.

आपल्याकडे हे स्वस्तात जमतं. पनवेलच्या मासळी बाजारात स्वस्त मासळी मिळते, ती शिजवून काटे काढले की भातात कालवता येते. सुकट असेल तर आधी भिजवून, दोन-तीन पाण्यांत धुऊन मीठ काढायचं. कोंबडीची शिजलेली हाडं द्यायची नाहीत, ती टोकदार तुटतात आणि आतडं फाडू शकतात. रस्सा, आमटी, कांदा-लसणाची भाजी भाकरीवर ओतायची नाही, कारण कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. मनुका, द्राक्षं, चॉकलेटही नको. आणि रोजचं सगळं घरीच करणार असाल, तर कॅल्शियम, जस्त किती घालायचं ते एकदा पशुवैद्याकडून ठरवून घ्या. ते जमणार नसेल तर ‘पूर्ण व संतुलित आहार’ असं लिहिलेलं, धान्य असलेलं साधं चांगलं पाकीट घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

धान्य खरोखर सोडावं लागणारे कुत्रे आहेत. आयरिश सेटर जातीच्या काही घराण्यांत ग्लुटेनने आतड्याचा आनुवंशिक आजार होतो. बॉर्डर टेरियरमध्ये ग्लुटेनशी जोडलेले आचके येतात. आठ आठवड्यांची आहारचाचणी करून ज्याची गव्हाची किंवा मक्याची अ‍ॅलर्जी सिद्ध झाली त्याने ते धान्य टाळावं. तरी गहू चालत नाही म्हणून तांदूळही चालत नाही असं होत नाही, एका धान्यासाठी सगळ्यांना बाहेर काढायची गरज क्वचितच पडते. आणि जो कुत्रा आज ‘ग्रेन-फ्री’ खाऊन ठणठणीत आहे, त्याच्या मालकाने घाबरून जाऊ नये. पुढच्या तपासणीत डॉक्टरांना तो काय खातो हे सांगावं. तो लवकर दमत असेल, खोकत असेल, चक्कर येऊन पडत असेल, तर हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी. पनवेलहून परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत किंवा महालक्ष्मीच्या नव्या टाटा प्राणी रुग्णालयापर्यंत जाणं त्रासाचं आहे, पण अशा वेळी ती तपासणी टाळण्यासारखी नाही.

पैशांचा मुद्दा काढला की मला सांगतात, जिवापुढे पैसा बघू नये. मी जिवाकडे पाहूनच पैशांचं बोलते आहे. मध्यमवर्गीय घरात महिन्याचं बजेट ठरलेलं असतं. महाग पाकिटावर जास्त गेले की लस पुढे ढकलली जाते, जंताचं औषध राहतं, गोचिडीची गोळी पुढच्या महिन्यावर जाते. रेबीजची लस चुकलेला ‘ग्रेन-फ्री’ कुत्रा हा कुठल्याही हिशेबाने तोट्याचा व्यवहार आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांबाबत तर हे दुपटीने खरं. एका महागड्या पोत्याच्या पैशांत भात, अंडी आणि मासळीवर कितीतरी कुत्री पोसली जातात, आणि उरलेल्यातून एखाद्या मादीची नसबंदी होते.

म्हणून पनवेलमधल्या पेट शॉपवाल्यांना माझी विनंती आहे: कुत्रा खाजवतो असं सांगत गिऱ्हाईक आलं तर त्याला पाकीट देण्याआधी डॉक्टरकडे पाठवा. पशुवैद्यांना विनंती आहे की दोन मिनिटं काढून आहाराचा प्रश्न विचारा, तुम्ही विचारत नाही तिथे दुसरा कुणीतरी उत्तर देतो. आणि ज्या घरात कुणी संध्याकाळी भाकरी कुस्करत बसलं असेल, तिथल्या तरुण मंडळींनी त्यांचा हात धरू नये. भाकरी ताजी आहे ना ते पाहावं, आमटी ओतू द्यायची नाही, आणि त्यात एक उकडलेलं अंडं घालावं.